अठ्ठावीसचे अडुसष्ट

माझे वडील सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर इंडियन एअरलाइन्सच्या व्हील शॉपमध्ये होते. विमानाचे चाक म्हणजे दोन अर्धे भाग एकमेकांना भिडवून बोल्टने आवळलेली वस्तू असते, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे, कारण बाबा जेवण झाल्यावर दोन रिकाम्या वाट्या पाठीला पाठ लावून ते दाखवत असत. टायर बदलायचा म्हणजे आधी त्यातला नायट्रोजन सोडायचा, मग बोल्ट एकेक करून काढायचे, दोन्ही भाग वेगळे करून कुठे भेग गेली आहे का ते तपासायचे, आणि पुन्हा जोडताना ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोरानेच आवळायचे. १९८९ मध्ये एअरबसची ए-३२० विमाने ताफ्यात येऊ लागली, तेव्हा एके संध्याकाळी घरी येऊन ते आईला म्हणाले, "आता काम दुप्पट झालं. याला आठ आहेत."

इतर देशांत उडणाऱ्या ए-३२० ला मुख्य चाके चारच असतात, प्रत्येक पायाला दोन. इंडियन एअरलाइन्सने मात्र प्रत्येक पायाला चार चाकांची बोगी मागून घेतली होती, कारण आपल्याकडच्या कित्येक धावपट्ट्या कमकुवत होत्या आणि विमानाचे वजन जास्त चाकांवर वाटले जाणे गरजेचे होते. त्यामुळे विमान थोडे जड झाले आणि पायाचे सुटे भाग इतरांपेक्षा वेगळे झाले. पण बाबांना त्या आठ चाकांचे भारी कौतुक होते. हे विमान आपल्यासाठी मुद्दाम करवून घेतले आहे, असे ते पाहुण्यांना सांगत. ते विमान आपल्यासाठी कोणी आणि कसे निवडले, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही. मला तो पडला पुष्कळ उशिरा, मी स्वतः एका शहराच्या परिवहन उपक्रमात खरेदीच्या फायली हाताळू लागले तेव्हा.

त्या निवडीची हकिकत अशी आहे. १९८४ मध्ये इंडियन एअरलाइन्सचा कल बोईंग ७५७ कडे होता, आणि बारा विमानांसाठी इरादापत्र देण्यापर्यंत गोष्ट गेली होती. ७५७ तेव्हा प्रत्यक्ष सेवेत असलेले विमान होते; जानेवारी १९८३ पासून ते प्रवासी वाहत होते. १९८४ च्याच शेवटी एअरबसने आपल्या ए-३२० चा प्रस्ताव पुढे केला, देशात पंतप्रधान बदलले, आणि १९८५ मध्ये निर्णय फिरला: १९ ए-३२० पक्की आणि १२ पर्यायी, म्हणजे हवी तर पुढे घ्यायची. नवे पंतप्रधान राजीव गांधी हे एकेकाळी इंडियन एअरलाइन्सचेच वैमानिक होते. ज्या विमानाची मागणी नोंदवली गेली ते त्या दिवशी फक्त कागदावर होते. त्याचे पहिले उड्डाण फेब्रुवारी १९८७ मध्ये व्हायचे होते. दीडशे आसनांचे विमान आणि त्याहून बरेच मोठे विमान यांची तुलना एकाच तक्त्यात कशी बसवली असेल, याचे खरेदी विभागातल्या कोणालाही कुतूहल वाटेल. दोन वेगळ्या मापांच्या वस्तूंची तुलना करावी लागते तेव्हा कोणता रकाना आधी ठेवायचा, यावरच निकाल ठरतो.

मार्च १९९० मध्ये सीबीआयने या व्यवहाराबाबत गुन्हा नोंदवला. कोणावरही दोष सिद्ध झाला नाही. त्याआधी महिनाभर, १४ फेब्रुवारीला, मुंबईहून निघालेले एक ए-३२० बंगळूरला उतरता उतरता गोल्फच्या मैदानावर कोसळले आणि १४६ पैकी ९२ जण गेले. चौकशीत ठपका वैमानिकांच्या चुकीवर आला, पण त्याआधीच सरकारने साऱ्याच ए-३२० विमानांना जमिनीवर बसवले होते. बोफोर्सच्या गदारोळात सत्तेवर आलेल्या व्ही. पी. सिंग सरकारला आधीच्या सरकारच्या काळातली प्रत्येक खरेदी संशयास्पद वाटत होती, आणि एका यंत्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न व त्या यंत्राच्या व्यवहाराचा प्रश्न यांची सरमिसळ झाली. पुढचे काही महिने नवी कोरी विमाने सांताक्रूझला उभी होती. उभ्या विमानाचा टायर एकाच जागी दबून चपटा पडतो, म्हणून ते अधूनमधून थोडे पुढेमागे ओढावे लागते. बाबा आणि त्यांचे सहकारी तेवढेच काम करत होते. ट्रॅक्टर लावायचा, हातभर ओढायचे, पुन्हा ठोकळे लावायचे.

या गोष्टीला जी पुढची बाजू आहे, ती सांगितली की ऐकणारे गप्प होतात. ए-३२० पुढे जगातले सर्वाधिक खपणाऱ्या विमानांपैकी एक ठरले. त्याच्या घराण्यातली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर बाहेर पडली आहेत. बोईंग ७५७ चे उत्पादन मात्र २००४ मध्ये १,०५० विमानांवर थांबले. म्हणजे ज्या निर्णयावर इतका संशय घेतला गेला, तो यंत्राच्या बाबतीत बहुधा बरोबरच निघाला. वस्तू चांगली निघाली म्हणून खरेदी स्वच्छ होती असे होत नाही, आणि खरेदी संशयास्पद म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. आपल्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय नाही, आणि त्या वेगळ्या न ठेवल्यामुळे तिसरीच एक गोष्ट नेहमी निसटते, जिच्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

त्याआधी या बाजाराविषयी थोडे सांगायला हवे, कारण विमानांचा बाजार इतर कोणत्याही बाजारासारखा नाही. १९९७ मध्ये बोईंगने मॅकडॉनेल डग्लस गिळंकृत केल्यापासून मोठी प्रवासी विमाने विकणारे दोनच दुकानदार उरले. दोघांचा माल गुणांनी इतका जवळ आलेला की इंधनाच्या वापरातल्या दोन-तीन टक्क्यांवर वर्षानुवर्षे वाद चालतात. छापील किंमत कोणीच देत नाही. खरी किंमत किती पडली हे करारात गुप्त राहते, आणि वर्तमानपत्रांत छापून येणारे अब्जांचे आकडे बहुतेक वेळा छापील किमतीचे असतात. शिवाय विमानाबरोबर कर्ज येते. अमेरिकेची एक्झिम बँक, म्हणजे निर्यातीला कर्ज आणि हमी देणारी सरकारी बँक, बोईंगच्या गिऱ्हाइकांना हमी देते, आणि ती इतकी वेळा देते की तिला 'बोईंगची बँक' असे नावच पडले. युरोपात ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीच्या निर्यात-पतसंस्था एअरबससाठी तेच करतात. आता गिऱ्हाईक जर सरकारी विमान कंपनी असेल, तर माल, कर्ज, हमी आणि मंजुरी या चारही ठिकाणी कोणते ना कोणते सरकारच बसलेले असते. अशा ठिकाणी राजकारण बाहेरून येत नाही. ते पहिल्यापासून बैठकीतच असते.

सौदी अरेबियाच्या सरकारी विमान कंपनीने १९९५ मध्ये बोईंग आणि मॅकडॉनेल डग्लसकडून ६१ विमाने घेतली, सुमारे ६ अब्ज डॉलरची. त्याची घोषणा कंपनीने किंवा विक्रेत्याने नव्हे, तर खुद्द अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९४ मध्येच व्हाइट हाउसमधून केली होती. २०११ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकी वकिलातींच्या फुटलेल्या गोपनीय संदेशांच्या आधारे जे छापले, ते वाचताना मला आमच्या उपक्रमातल्या स्थायी समितीच्या सभा आठवल्या. सौदी राजाला बोईंग घेण्याची गळ घातली तेव्हा त्याने स्वतःच्या विमानात अमेरिकी अध्यक्षांच्या विमानासारखी साधने हवीत अशी इच्छा व्यक्त केली. तुर्कस्तानच्या एका मंत्र्याने आपला एक अंतराळवीर नासाच्या यानातून पाठवता येईल का असे विचारले. बांगलादेशाला बिमान या आपल्या सरकारी विमान कंपनीसाठी न्यूयॉर्कला उतरण्याची परवानगी हवी होती. वाचताना हसू येते, पण यांतल्या बांगलादेशाची मागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. विमान घ्यायचे तर ते उतरवायला जागा द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते.

याच बिमानची पुढची कथा अशी की सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन ढाक्याला आले तेव्हा दहा एअरबस ए-३५० घेण्याचे आश्वासन दिले गेले. नंतर ढाक्यात सरकार उलथले, अमेरिकेने आयातशुल्काची तलवार उपसली, आणि जुलै २०२५ मध्ये नव्या सरकारने २५ बोईंग घेण्याचे जाहीर केले. ढाका ते सिल्हेट या मार्गावर प्रवासी किती, याचा या दोन्ही आकड्यांशी संबंध असेल असे वाटत नाही. चीनमध्ये तर ही गोष्ट उघडच चालते: नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रम्प बीजिंगला गेले तेव्हा ३०० बोईंग, आणि मार्च २०१९ मध्ये शी जिनपिंग पॅरिसला गेले तेव्हा ३०० एअरबस. दोन्ही पाहुण्यांच्या ताटात सारखेच लाडू पडावेत, तसे.

लाच हा प्रकारही आहेच, आणि तो लहान नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी एअरबसने फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेच्या तपासयंत्रणांशी तडजोड करून सुमारे ३.६ अब्ज युरो भरले. त्या कागदपत्रांत श्रीलंकेच्या सरकारी विमान कंपनीची गोष्ट आहे. तिथल्या खरेदीशी संबंधित एका अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नावावरील कंपनीला १ कोटी ६८ लाख डॉलरपर्यंत रक्कम देऊ करण्यात आली, प्रत्यक्षात २० लाख दिले गेले, आणि ब्रिटनच्या निर्यात-पतसंस्थेला शंका येऊ नये म्हणून त्या बाईचे नाव आणि ती स्त्री आहे हेही लपवण्यात आले. कागदावर बाईचा पुरुष करण्याची ही क्लृप्ती आमच्या कुठल्याही कंत्राटदाराला सुचली नसती, असे मी पैजेवर सांगते.

पण लाच सापडली की सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते. चोर सापडला, प्रश्न संपला. जिथे चोर सापडत नाही, किंवा कदाचित नसतोच, तिथे काय झाले हे पाहायचे तर एअर इंडियाच्या २००४ आणि २००५ या दोन वर्षांकडे पाहावे लागते.

एअर इंडिया नव्या विमानांचा विचार १९९६ पासून करत होती. आठ वर्षे कागद फिरत राहिले. जानेवारी २००४ मध्ये २८ विमानांचा प्रस्ताव मंत्रालयाकडे गेला. मे महिन्यात सरकार बदलले. ऑगस्टमध्ये मंत्रालयाने कंपनीला प्रस्तावाचा फेरविचार करण्यास सांगितले, आणि नोव्हेंबरपर्यंत कंपनीच्या संचालक मंडळासमोर २८ ऐवजी ६८ विमानांचा प्रस्ताव होता: लांब पल्ल्याची पन्नास आणि एअर इंडिया एक्स्प्रेससाठी लहान अठरा. ३० डिसेंबर २००५ रोजी बोईंगशी करार झाला. इकडे इंडियन एअरलाइन्सची ४३ विमाने एअरबसकडून घेण्याचा करार फेब्रुवारी २००६ मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष शिराक दिल्लीत असताना पार पडला. एका कंपनीला अमेरिकेकडून, दुसरीला युरोपकडून. दोन्ही व्याह्यांचे मानपान सांभाळले गेले. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, या दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले, आणि दोन प्रकारची विमाने, दोन प्रकारचे सुटे भाग, दोन प्रकारचे परवाने असलेले इंजिनिअर आणि दोन वेगवेगळ्या वेतनश्रेणी एका छपराखाली आल्या. बाबा तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या एका जुन्या मित्राने फोनवर सांगितले होते की आता कॅन्टीनमध्येही 'तुम्ही' आणि 'आम्ही' असे दोन टेबल झाले आहेत.

२०११ मध्ये कॅगचा अहवाल आला. आठ वर्षे रेंगाळलेली प्रक्रिया एकाएकी घाईने उरकल्याचे, महसुलाचे अंदाज नको इतके आशावादी असल्याचे आणि जवळजवळ सगळी खरेदी कर्जावर उभी असल्याचे त्यात म्हटले होते. एअर इंडियाच्या बाबतीत तर ही खरेदी मुळापासूनच अरिष्टाला आमंत्रण होते, अशा अर्थाचे शब्द वापरले होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सीबीआयने १११ विमानांच्या, सुमारे ७० हजार कोटी रुपयांच्या या खरेदीबाबत गुन्हा नोंदवला. चर्चा अर्थातच एका प्रश्नाभोवती फिरत राहिली: कोणी किती खाल्ले? मला त्याचे उत्तर माहीत नाही आणि कोणावर आरोप करण्याचा माझा हेतूही नाही. माझे लक्ष अडले ते ऑगस्ट आणि नोव्हेंबर यांच्या मधल्या तीन महिन्यांवर, कारण त्या तीन महिन्यांत कंपनीच्या कुठल्यातरी मजल्यावर कोणीतरी बसून २८ चे ६८ करणारा तक्ता तयार केला असणार. त्या माणसाला मी ओळखत नाही. तरी तो कसा बसला असेल, हे मला नेमके माहीत आहे.

आमच्या उपक्रमात बस खरेदीचा प्रस्ताव होता, आणि मागणीचा तक्ता करण्याचे काम माझ्याकडे होते. किती बस मोडीत निघणार, कोणत्या मार्गावर भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांची टक्केवारी, किती, राखीव किती टक्के ठेवायच्या, चालक किती उपलब्ध, आगारात उभ्या करायला जागा किती, असे सगळे मांडून माझा आकडा आला ४२. फाईल वर गेली आणि आठवड्याने परत आली. शेवटच्या पानावर हिरव्या शाईत दोनच शब्द होते: 'चर्चा करावी.' ज्यांनी सरकारी किंवा निमसरकारी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना या दोन शब्दांचे वजन सांगायला नको. लेखी आक्षेपाला लेखी उत्तर देता येते. चर्चेची मात्र नोंद राहत नाही.

चर्चेत मला कोणीही सांगितले नाही की आकडा वाढवा. साहेब अगदी सौजन्याने बोलले. "मॅडम, पाच वर्षांनी शहर केवढं असेल याचा विचार केलाय का आपण? आणि भारमान एकसष्ट का धरलंय? चांगल्या बस आल्यावर लोक वाढणारच ना?" प्रश्न खोटे नव्हते. केंद्राच्या योजनेतून पैसे येणार होते, ते या वर्षी घेतले नाहीत तर परत मिळणार नव्हते, हेही खरे होते. मी जागेवर येऊन भारमान ६१ वरून ७३ केले. प्रति बस प्रतिदिन किलोमीटर थोडे वाढवले. नव्या वसाहतींचे तीन मार्ग धरले, जिथे अजून रस्ते पूर्ण झाले नव्हते. आगाराच्या जागेच्या रकान्यात 'प्रस्तावित' असा शब्द लिहिला. प्रत्येक बदल एकेकटा पाहिला तर रास्त होता, कोणत्याही एकावर बोट ठेवून हे चुकले असे म्हणता आले नसते. शेवटी बेरीज आली ९५. वरच्यांच्या मनात किती होते ते मला कधीच कळले नाही, पण ९५ वर फाईल अडली नाही.

कोणी मला पैसे दिले नाहीत, आणि माझ्या साहेबांनी घेतले असतील असे मला आजही वाटत नाही. ठराव झाला, निविदा निघाली, दोन लिफाफे उघडले, सर्वांत कमी दराची निविदा नियमाप्रमाणे मंजूर झाली. लेखापरीक्षणात आक्षेपाचा एकही परिच्छेद आला नाही. बस आल्या आणि त्यांतल्या तीसेक चालकांअभावी आगाराच्या भिंतीकडेला उभ्या राहिल्या. त्यांच्यावर धुळीत मुलांनी बोटांनी नावे लिहिली होती. त्यांच्या कर्जाचे हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झाले होते.

म्हणून एअर इंडियाच्या बाबतीत 'कोणी खाल्ले' या प्रश्नावर सगळा प्रकाश पडतो तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होते. त्या प्रश्नाचे उत्तर सापडले काय आणि न सापडले काय, ६८ हा आकडा तसाच राहतो. दलालीची रक्कम कितीही मोठी धरली तरी ती किमतीच्या काही टक्के असते. गरजेपेक्षा जास्त घेतलेली वस्तू मात्र शंभर टक्के बुडीत असू शकते, तीही व्याजासकट. आणि ती अगदी नियमात बसवून घेता येते. राजकीय दबाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंद खोलीतला मंत्री आणि बॅगा येतात. मी पाहिलेला दबाव सौम्य आवाजात प्रश्न विचारणारा होता, आणि उत्तर माझ्याच हस्ताक्षरात हवे असणारा.

नंतर काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. पन्नास मोठ्या विमानांपैकी आठ होती ७७७-२००एलआर, थेट अमेरिका गाठण्यासाठी घेतलेली. त्यांतली पाच काही वर्षांतच अबूधाबीच्या एतिहादला विकावी लागली. सत्तावीस बोईंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर, २००८ पासून मिळणार होती, पहिले आले सप्टेंबर २०१२ मध्ये, आणि चार महिन्यांत बॅटरी पेटण्याच्या प्रकारामुळे जगभरची सगळी ड्रीमलायनर जमिनीवर बसली. एक गंमत अशी की या खरेदीविरुद्ध अमेरिकेतही दावा दाखल झाला. डेल्टा या विमान कंपनीने २०११ मध्ये एक्झिम बँकेला कोर्टात खेचले, कारण अमेरिकी हमीवर स्वस्त कर्ज घेऊन एअर इंडिया जी विमाने चालवते त्यांच्यामुळे आपल्याला न्यूयॉर्क-मुंबई थेट सेवा बंद करावी लागली, असे तिचे म्हणणे होते. ज्या विमानांमुळे आपली कंपनी बुडत होती, त्याच विमानांमुळे आपण बुडालो असे समोरची कंपनी सांगत होती. बोईंग तेवढी तरली.

या सगळ्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला एक ठोस वस्तू आली, ती म्हणजे नागपूरच्या मिहानमधले विमान दुरुस्ती केंद्र. ६८ विमानांच्या करारात बोईंगने १० कोटी डॉलर खर्चून असे केंद्र उभारून देण्याचे कबूल केले होते. ते नागपूरला का, याला देशाचा मध्यबिंदू वगैरे कारणे दिली जातात. नागरी हवाई वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल विदर्भातले होते, हे कारण त्याहून सोपे आहे. २०१५ मध्ये ते सुरू झाले. एअरबसच्या बाजूने मात्र प्रशिक्षण आणि दुरुस्तीच्या १७.५ कोटी डॉलरच्या सोयींची जी अट चर्चेत होती, ती अंतिम करारात राहिलीच नाही, असा आक्षेप पुढे तपासयंत्रणांनी घेतला. एका नात्यातल्या लग्नासाठी बाबांना घेऊन नागपूरला गेले होते तेव्हा विमान उतरताना खिडकीतून त्या भल्यामोठ्या हँगरची छपरे दिसली. बाबांना दाखवली. त्यांनी पाहिली आणि विचारले, "व्हील शॉप आहे का तिथे?" मला माहीत नव्हते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांची बोली मंजूर झाली, तेव्हा एअर इंडियावर ६१,५६२ कोटी रुपयांचे कर्ज होते. हे सारेच विमानखरेदीमुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. विलीनीकरण, इंधनाचे भाव, आखाती कंपन्यांची स्पर्धा आणि रोजचा भोंगळपणा यांचा त्यात मोठा वाटा होता. टाटांनी १५,३०० कोटींचे कर्ज स्वीकारले. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारने वेगळ्या कंपनीच्या नावावर टाकले, म्हणजे तुमच्या आमच्या. त्याच कंपनीकडे एअर इंडियाच्या जमिनी आणि इमारती गेल्या, आणि त्यांतली नरिमन पॉइंटची तेवीस मजली इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना विकत घेतली. मंत्रालयात जागा पुरत नव्हती, म्हणून.

खासगी मालकी आल्यावर राजकारण सुटेल असे वाटणाऱ्यांनी १४ फेब्रुवारी २०२३ चा दिवस आठवावा. टाटांच्या एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, २५० एअरबसकडे आणि २२० बोईंगकडे. मोदी आणि मॅक्रॉन पडद्यावर एकत्र आले, आणि या मागणीमुळे अमेरिकेच्या ४४ राज्यांत दहा लाखांहून अधिक नोकऱ्यांना आधार मिळेल असे अध्यक्ष बायडन यांनी सांगितले. ताटात लाडू पुन्हा जवळजवळ सारखेच. फरक एवढाच की हा आकडा चुकला तर तो टाटांच्या ताळेबंदात दिसेल आणि भागधारक त्यांना विचारतील. २८ चे ६८ कोणी केले हे मात्र विचारायला कोणाकडे जावे, हे आजही सांगता येत नाही.

निवृत्तीच्या आधी सहा महिने मी आमच्या अभिलेख कक्षात ती बस खरेदीची फाईल शोधायला गेले होते. काही करायचे होते असे नाही, फक्त माझा पहिला तक्ता पाहायचा होता. तिथल्या लिपिकाने नोंदवही काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. जतन करण्याची मुदत संपल्याने फाईल नष्ट करण्यात आली होती. ठराव मात्र कायम स्वरूपी जपतात, म्हणून त्याने ठराव पुस्तक उघडून दाखवले, पान अजून चांगले होते. त्यात पंचाण्णव बस घेण्यास सर्वानुमते मंजुरी होती, सूचक आणि अनुमोदक यांची नावे होती, आणि 'प्रशासनाने सादर केलेल्या मागणीनुसार' असे लिहिले होते.